परवलीचा शब्द आणि शाळेचे दप्तर
संगणक व मोबाइल यांच्या सुरक्षिततेची नित्योपयोगी साधने

प्राथमिक शाळेच्या दप्तराला फार जुनी शिस्त आहे. जनरल रजिस्टर कोणाच्या ताब्यात असावे, त्यातील जन्मतारखेत खाडाखोड का करू नये, दाखल्यावर सही-शिक्का कोणाचा हवा, सुटीत कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी, ह्या गोष्टी प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक असतात. आज ह्याच दप्तराचा मोठा भाग संगणकात व मोबाइलमध्ये गेला आहे. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व इतर माहिती यू-डायस प्लस प्रणालीवर भरली जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आधार व बँक खात्यांचे क्रमांक गोळा होतात. शिक्षकांची वेतनदेयके शालार्थ प्रणालीतून तयार होतात. दप्तर बदलले, परंतु किल्ली सांभाळण्याची शिस्त त्याबरोबर तिकडे गेलीच असे नाही. शाळेच्या खात्याचा पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेला असतो, तोच पासवर्ड सेवा केंद्रातील मुलासही पाठ असतो, आणि विद्यार्थ्यांची आधार क्रमांकांसह यादी एखाद्या व्हॉट्सॲप गटावर पडून राहते. जे शिक्षक जनरल रजिस्टर कधीही परक्याच्या हाती देणार नाहीत, त्यांच्याकडूनही हे घडते; कारण संगणकातील दप्तर डोळ्यांना दिसत नाही.

ह्या दप्तराचे रक्षण करण्यास मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही. त्यासाठीची साधने थोडी आहेत, त्यांपैकी बहुतेक विनामूल्य आहेत, आणि त्यांच्यामागील तत्त्वे शिक्षकाला परिचित अशीच आहेत. त्या साधनांची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. जपावयाचे ते काय?

कोणत्याही नोंदीच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गुप्तता : ज्याला अधिकार नाही त्याने ती नोंद वाचू नये. दुसरी अचूकता : अधिकार नसलेल्या माणसाने तीत फेरफार करू नये. तिसरी उपलब्धता : गरज पडेल तेव्हा ती हाताशी असावी. जनरल रजिस्टर चोरून वाचले गेले, त्यातील जन्मतारीख बदलली गेली, किंवा ते वाळवीने खाल्ले, ह्या तीन वेगवेगळ्या आपत्ती आहेत व त्यांवरील उपायही वेगवेगळे आहेत. पुढे येणाऱ्या प्रत्येक साधनाच्या बाबतीत ते ह्या तिहींपैकी कशाचे रक्षण करते हे पाहिले, म्हणजे गोंधळ होत नाही.

विद्यार्थ्यांच्या माहितीस आणखी एक विशेष आहे. शिक्षकाचा पासवर्ड फुटला तर तो एका मिनिटात बदलता येतो. मुलाची जन्मतारीख किंवा बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाची आज बाहेर पडलेली माहिती ते मूल मोठे होऊन बँकेत खाते उघडील तेव्हाही खरीच असेल. शिवाय ही माहिती त्या मुलाने स्वतः होऊन दिलेली नसते. शाळेवर विश्वास ठेवून त्याच्या आईबापांनी दिलेली असते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसंबंधी विशेष काळजी घेण्याचे तत्त्व स्वीकारले आहे, त्याचे कारण हेच होय.

२. परवलीचा शब्द

किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारेकरी येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारीत असे. पासवर्ड म्हणजे तोच परवलीचा शब्द. संगणकात त्याचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ साली अनेकांनी मिळून एकच संगणक वापरण्याची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाचे काम वेगळे व खाजगी राहावे म्हणून प्रत्येकास एक पासवर्ड देण्यात आला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, ॲलन शेर ह्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्यातून मिळणारे संगणकाचे चार तास अपुरे पडू लागले. त्याने सर्व पासवर्डांची यादी ज्या फाइलमध्ये होती ती फाइल छापून देण्याची विनंती यंत्राकडे नोंदविली, व यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. मग इतरांच्या नावावरील वेळही त्याला वापरता आला.

ही हकीकत बोधप्रद आहे. शेरने कोणतेही कुलूप फोडले नाही. किल्ल्यांची यादी उघडी पडली होती, ती त्याने उचलली. आजही निरनिराळ्या संकेतस्थळांवरून पासवर्डांच्या याद्या चोरीस जातात, व चोर त्या इतर ठिकाणी लावून पाहतात. म्हणून एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणे हा सर्वांत मोठा धोका आहे. एखाद्या दुकानाच्या ॲपवरून फुटलेला शब्द जर शाळेच्या खात्याचाही असेल, तर शाळेचे दार आपोआप उघडते. आपला ई-मेल पत्ता अशा फुटलेल्या याद्यांत आहे काय, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी २०१३ साली ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाचे विनामूल्य संकेतस्थळ सुरू केले. तेथे फक्त ई-मेल पत्ता लिहिला की उत्तर मिळते.

पासवर्ड चांगला कोणता, ह्याचे उत्तर गणितात आहे. चार अंकी पिनच्या शक्यता १०,००० होतात. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरे घेतली तर शक्यता सुमारे २०,८८२ कोटी होतात. ही संख्या मोठी वाटते. परंतु दर सेकंदास एक कोटी शब्द तपासणारे यंत्र त्या सर्व शक्यता पावणेसहा तासांत संपविते. शिवाय माणसे आठ अक्षरे खरोखर यदृच्छेने निवडीत नाहीत. ती मुलाचे नाव, गावाचे नाव किंवा जन्मसाल घालतात, आणि चोर हे शब्द प्रथम तपासतो. ‘ए’ ऐवजी ‘ॲट’चे चिन्ह घालण्यासारख्या युक्त्याही चोरास पाठ आहेत.

ह्यावर उत्तम उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या अनेक साध्या शब्दांचा पासवर्ड. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली फाशांच्या साहाय्याने असे शब्द निवडण्याची रीत प्रसिद्ध केली. शाळेत ती पुढीलप्रमाणे करता येईल. ३६ कागद घ्यावेत. प्रत्येकावर सहा ओळी व सहा रकाने आखून ३६ चौकटी पाडाव्यात व प्रत्येक चौकटीत विहीर, गूळ, चिमणी, पायरी असा एकेक साधा शब्द लिहावा. शब्दांची पुनरुक्ती टाळावी. अशा रीतीने १,२९६ शब्दांचा संच तयार होतो. आता फासा चार वेळा टाकावा. पहिल्या दोन दानांवरून कागद व पुढील दोन दानांवरून चौकट ठरवावी. मिळालेला शब्द लिहून घ्यावा. असे पाच शब्द घेऊन ते रोमन अक्षरांत एकापुढे एक लिहिले की पासवर्ड तयार झाला. संकेतस्थळाने अंक व मोठे अक्षर मागितल्यास तेही जोडावे.

ह्या पाच शब्दांच्या शक्यता ६ चा २० वा घात, म्हणजे ३६ कोटी ५६ लाख कोटींहून अधिक होतात. वरील यंत्रास त्या सर्व तपासण्यास साडेअकरा वर्षे लागतील. सहावा शब्द जोडला तर हीच मुदत पंधरा हजार वर्षांवर जाते. आणि तरीही हे शब्द मुलालादेखील पाठ होण्यासारखे असतात. लांबी वाढविल्याने जे साधते ते चमत्कारिक चिन्हांनी साधत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेनेही २०१७ साली आपल्या मार्गदर्शिकेत लांबीवर भर दिला, आणि पासवर्ड फुटल्याची शंका नसताना तो ठराविक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये असे सांगितले. वारंवार बदलावा लागणारा शब्द माणसे सोपा करतात किंवा भिंतीवर लिहितात, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे.

शब्दांचा संच शाळेतील सर्वांना ठाऊक असला तर बिघडत नाही काय? बिघडत नाही. ऑग्युस्त केर्कहॉफ्स ह्या भाषाशिक्षकाने १८८३ साली सांकेतिक लेखनासंबंधी जे तत्त्व मांडले ते येथेही लागू पडते : पद्धत शत्रूस कळली तरी चालेल, किल्ली मात्र कळता कामा नये. येथे किल्ली म्हणजे फाशांची दाने होत, व ती फक्त टाकणाऱ्याने पाहिलेली असतात. अर्थात वर उदाहरणादाखल छापलेले शब्द कोणीही जसेच्या तसे वापरू नयेत.

३. किल्ल्यांचा जुडगा

प्रत्येक खात्यास वेगळा व लांब पासवर्ड ठेवावयाचा म्हटल्यास ते सर्व लक्षात राहणे अशक्य आहे. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर नावाची साधने आहेत. हे साधन म्हणजे एक कुलूपबंद पेटी. तीत सर्व पासवर्ड ठेवावयाचे व पेटीचा एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवावयाचा. संगणकासाठी कीपास-एक्स-सी आणि संगणक व मोबाइल अशा दोहोंसाठी बिटवॉर्डन ही साधने विनामूल्य मिळतात. पहिल्यात पेटी स्वतःच्या यंत्रावरच राहते. दुसऱ्यात ती कुलूप लावूनच इंटरनेटवरील साठ्यात ठेवली जाते, त्यामुळे मोबाइल हरवला तरी पेटी हरवत नाही. मुख्य पासवर्ड विसरल्यास मात्र तो कोणीही काढून देऊ शकत नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

ज्यांना हे अवघड वाटते त्यांनी एका वहीत पासवर्ड लिहून ती वही घरी कुलपात ठेवावी. दूर देशी बसलेल्या चोराला ती वही दिसत नाही. कपाटाच्या दारावर लिहिणे आणि कपाटाच्या आत कुलपात ठेवणे ह्यांत जे अंतर आहे तेच येथे महत्त्वाचे.

४. दुसरी कडी

चांगल्या वाड्याच्या दाराला कुलूप असते व आतून कडीही असते. खात्यालाही पासवर्डाखेरीज दुसरी खूण मागण्याची सोय असते. बँकेकडून मोबाइलवर येणारा ओटीपी ही त्याचीच एक तऱ्हा आहे. त्याहून अधिक भरवशाचे साधन म्हणजे खूणक्रमांक देणारे ॲप. गूगल ऑथेंटिकेटर व एजिस ही त्यांपैकी दोन होत.

त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. खाते जोडताना पडद्यावर दिसणारा चौकटींचा नमुना मोबाइलने टिपला की खात्याकडे व मोबाइलकडे एकच गुप्त संख्या राहते. ही संख्या आणि त्या वेळची घड्याळातील वेळ यांवर दोन्हीकडे सारखेच गणित केले जाते, व त्यातून सहा अंकी क्रमांक निघतो. बहुधा दर ३० सेकंदांनी क्रमांक बदलतो. ही रीत २०११ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे घड्याळ बरोबर असले की झाले. मोबाइलला नेटवर्क असण्याचीही आवश्यकता नाही. डोंगराळ भागातील ज्या शाळेत ओटीपीचा संदेश अर्धा तास येत नाही, तेथे ही सोय विशेष उपयोगी पडावी. ज्या खात्यांत ती उपलब्ध असेल तेथे, विशेषतः ई-मेलच्या खात्यास, ती अवश्य लावावी. कारण इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड ई-मेलवरूनच नव्याने मिळतात, व म्हणून ई-मेल हीच मूळ किल्ली ठरते. ॲप जोडताना मिळणारे आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून कुलपात ठेवावेत.

व्हॉट्सॲपलाही ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ ह्या नावाने अशीच कडी आहे. ती लावली नसेल आणि कोणी थापा मारून सहा अंकी नोंदणी क्रमांक विचारून घेतला, तर शिक्षकाच्या नावाने भलताच मनुष्य पालकांच्या गटात पैसे मागू लागतो.

५. डागडुजी आणि तिचा विलंब

मृगाचे पाणी सुरू होण्यापूर्वी कौले चाळली जातात. संगणकाच्या व मोबाइलच्या अपडेटचे महत्त्व तेवढेच आहे. आज्ञावलीत चुका राहतात. त्या सापडल्या की बनविणारी कंपनी दुरुस्ती प्रसिद्ध करते. ज्यांनी ती बसविली नाही त्यांचे छप्पर गळतेच राहते.

ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१७ सालची वॉनाक्राय ही साथ. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर चुकीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली होती. १२ मे रोजी त्याच चुकीतून शिरणारा व्हायरस १५० च्या वर देशांत पसरला. तो संगणकातील सर्व फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांस हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती हाताशी येऊन जवळजवळ दोन महिने लोटले होते. ती बसविलेली नव्हती, एवढेच. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसने त्याच चुकीचा उपयोग केला, आणि त्याचा फटका न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलालाही बसून तेथील कामकाज विस्कळीत झाले. युरोपात सुटलेली आग उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यास एक दिवसही लागला नाही.

शाळांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणाऱ्या नियमित विनामूल्य दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. शाळेचा संगणक नवी प्रणाली पेलण्याइतका सशक्त नसेल तर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविता येते. केरळ राज्यातील सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तेव्हा हा मार्ग शाळांना अपरिचित नाही.

६. व्हायरस व पेन ड्राइव्ह

लाहोरच्या दोघा भावांनी १९८६ साली लिहिलेला ब्रेन हा घरगुती संगणकांवर पसरलेल्या आरंभीच्या व्हायरसांपैकी एक होय. तो फ्लॉपीतून पसरे. फ्लॉपी गेली, तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली. सेवा केंद्रात छपाईसाठी नेलेला पेन ड्राइव्ह परत येताना बरोबर व्हायरस आणतो व सर्व फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात, हा प्रकार अनेक शाळांना ठाऊक आहे.

व्हायरस शोधणाऱ्या आज्ञावलींच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीस येणारे संगणक व्हायरसने बाधित असतात हे पाहून त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यांवर उपाय करणारी आज्ञावली लिहिली. तिच्यातूनच पुढे क्विक हील ही कंपनी उभी राहिली.

आज विंडोजमध्ये डिफेंडर नावाचे संरक्षक साधन मुळातच असते. ते चालू ठेवले व अद्ययावत राहिले तर सामान्य कामास पुरेसे होते. दोन निरनिराळी ॲन्टिव्हायरस एकदम चालवू नयेत. ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून संगणक व मोबाइल निर्मळ करण्याची साधने विनामूल्य देत आले आहे.

मोबाइलच्या बाबतीत एक नियम पाळला तरी निम्मे संकट टळते : ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. लग्नपत्रिका, वाहनदंडाची पावती किंवा सरकारी योजनेचा अर्ज अशा नावाने संदेशातून आलेली एपीके फाइल उघडू नये. पत्रिका हे चित्र असते. तिला मोबाइलवर बसवून घेण्याची गरज नसते. अशा फाइलीतून बसलेली आज्ञावली येणारे संदेश वाचते व बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे धाडते.

७. पोष्टकार्ड, लाखोटा आणि आडनाव

पोष्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो. लाखोटा वाचता येत नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असेल तर मजकूर लाखोट्यातून जातो, नुसते ‘एचटीटीपी’ असेल तर पोष्टकार्डावरून. पासवर्ड पोष्टकार्डावर कधीही लिहू नये. एस. टी. स्थानकासारख्या सार्वजनिक ठिकाणच्या वाय-फायवर तर हे विशेष पाळावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लाखोटा असणे म्हणजे तो ज्याच्या हाती पडणार तो मनुष्य प्रामाणिक असणे नव्हे. खोटी संकेतस्थळेही लाखोटा वापरतात. पत्ता खरा आहे की नाही हे निराळेच पाहावे लागते, व त्याची रीत मराठी माणसाला सहज उमगेल. आपल्याकडे आडनाव शेवटी येते. संकेतस्थळाच्या नावातही पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वीचा शेवटचा भाग हेच आडनाव. भारतातील सरकारी संकेतस्थळांचे आडनाव सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ हे आडनाव घेण्यास सांगितले. ‘यूडायसप्लस डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा पत्ता आला तर आरंभी सरकारी नाव दिसले तरी आडनाव ‘अमुक डॉट कॉम’ आहे. तो परका मनुष्य होय.

८. यादी पाठविताना

वरिष्ठ कार्यालयाकडून माहिती तातडीने मागविली जाते, आणि घाईत विद्यार्थ्यांची यादी गटावर टाकली जाते. व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून वाटेत कुलूपबंद असतो हे खरे. परंतु गटातील प्रत्येकाच्या मोबाइलवर तो उघडाच पोहोचतो, व तेथून कोठेही जाऊ शकतो. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. मागितले असेल तेवढेच पाठवावे. संख्या मागितली असेल तर नावे पाठवू नयेत. यादी पाठविणे अपरिहार्य असेल तर ती संबंधित अधिकाऱ्यासच पाठवावी. आणि फाइलीला कुलूप लावावे. एक्सेल व लिब्रेऑफिस यांत फाइल पासवर्ड लावून जतन करण्याची सोय आहे. सेव्हन-झिप ह्या विनामूल्य साधनाने अनेक फाइली एकत्र कुलूपबंद करता येतात. त्या कुलपाचा पासवर्ड त्याच संदेशात न लिहिता दूरध्वनीवर सांगावा. आधारची प्रत कोणी मागितल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. शक्य तेथे तीच द्यावी.

९. नकल

अचूकता व गुप्तता सांभाळूनही संगणक जळाला, मोबाइल विहिरीत पडला, किंवा खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर उपयोगी पडते ती फक्त नकल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ह्यासंबंधीचा नियम तीन-दोन-एक असा आहे : महत्त्वाच्या मजकुराच्या एकंदर तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. शाळेच्या संगणकावर मूळ, कुलपातील बाह्य डिस्कवर दुसरी व केंद्रशाळेत किंवा सरकारी ई-मेलच्या साठ्यात कुलूपबंद तिसरी, अशी योजना साध्य होण्यासारखी आहे. डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही ग्रासतो. नकल खरोखर उघडते की नाही हे प्रत्येक सत्रात एकदा उघडून पाहावे.

१०. किल्ली मागणारा चोर

वरील सर्व साधने यंत्राचे रक्षण करतात. परंतु पुष्कळदा चोर कुलपाच्या वाटेस न जाता किल्लीच मागतो. बँकेचा अधिकारी, वीज मंडळाचा कर्मचारी, पोलीस किंवा शिक्षण विभागातील कारकून असल्याची बतावणी तो करतो. भीती घालणे, लोभ दाखविणे व घाई करणे ही त्याची तीन हत्यारे असतात. ह्यांपैकी कोणतेही दिसताच थांबावे, दूरध्वनी ठेवून द्यावा, आणि पासबुकावर किंवा कार्यालयीन पत्रावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो; पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. कोणतीही बँक ओटीपी किंवा पासवर्ड विचारीत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओवरून कोणालाही अटक होत नाही. आपला पडदा दुसऱ्यास दाखविणारे ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बसवू नये. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे व सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळविले जात असतात. ते वाटेत गोठविता येतात, म्हणून पहिल्या तासाचे मोल फार. मोबाइल चोरीस गेल्यास मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी संकेतस्थळावरून तो बंद पाडता येतो.

ह्या बाबतीत खेड्यातील शिक्षकाची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या खात्यापुरती राहत नाही. एकेकाळी गावातील माणसे आलेले पत्र वाचून घेण्यासाठी गुरुजींकडे येत. आज तीच माणसे मोबाइल घेऊन येतात : “गुरुजी, हा मेसेज कसला बघा बरं.” त्या वेळी शिक्षकाने स्वतः बटण दाबून काम उरकण्यापेक्षा हा संदेश खोटा कसा ओळखावा हे त्या माणसास दाखवावे. म्हातारीचा पिन स्वतः टाकून देण्याची मदत चांगल्या हेतूची असली तरी, पिन दुसऱ्याला सांगावयाचा असतो, हा चुकीचा पाठ तिच्यातून दिला जातो. फसलेल्या माणसास हसू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. हसणाऱ्या गावात लोक फसवणूक लपवितात, आणि तो पहिला तास निघून जातो.

११. शाळेने करावयाची व्यवस्था

हे सर्व एका दिवसात होणार नाही. चार शनिवार ठरवून कामाची विभागणी करता येईल. पहिल्या शनिवारी शाळेच्या सर्व खात्यांची यादी करून प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा करावा व ई-मेलला दुसरी कडी लावावी. दुसऱ्या शनिवारी संगणक व मोबाइल अद्ययावत करून व्हायरस तपासणी करावी. तिसऱ्या शनिवारी नकल घेऊन ती उघडून पाहावी. चौथ्या शनिवारी पालकांची सभा बोलावून पिन, ओटीपी व १९३० ह्या तीन गोष्टी समजावून सांगाव्यात. वरच्या वर्गांतील मुलांकडून शब्दांचे ३६ कागद करवून घेतल्यास भाषा, घातांक व शक्यता ह्यांचा अभ्यास अनायासे होतो, आणि मुले ती रीत घरी नेतात.

बदलीच्या वेळी एक काम विशेषेकरून करावे. कार्यभार सोपविताना किल्ल्या, रजिस्टरे व शिक्के यांची यादी केली जाते. त्या यादीत खात्यांचाही समावेश असावा. नव्या मुख्याध्यापकाने कार्यभार घेताच सर्व पासवर्ड बदलून तसा दिनांक नोंदवावा, आणि जुन्या मुख्याध्यापकाने आपल्या मोबाइलवरील विद्यार्थ्यांच्या याद्या नाहीशा कराव्यात. ज्या मुलांची नावे त्या याद्यांत आहेत त्यांना ह्यातले काही कळणार नाही. परंतु त्यांच्या आईबापांनी प्रवेशाच्या दिवशी ज्या भरवशाने कागद गुरुजींच्या हाती दिले, तो भरवसा एका गुरुजींकडून दुसऱ्यांकडे सुखरूप पोहोचलेला असेल.